वस्तीची बातमीदारी : नवोदितांसाठी मार्गदर्शक

जुलै २०१० मध्ये ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ने बेल या शेजारच्या छोट्या शहराविषयी एक बातमी छापली. सुमारे ३५,००० लोकसंख्येच्या आणि बहुतांशी बेताच्या उत्पन्नाच्या त्या शहराचा मुख्य प्रशासक वर्षाला जवळजवळ ८ लाख डॉलर पगार घेत होता, म्हणजे त्या वेळच्या राष्ट्राध्यक्षांच्या पगाराच्या जवळपास दुप्पट. बातमीदार मुळात दुसऱ्याच एका शेजारच्या गावाच्या कारभाराची चौकशी करत होते. तिथून धागा बेलपर्यंत पोहोचला. प्रशासकाला पुढे तुरुंगवास झाला आणि बातमीला पुलित्झर पुरस्कार मिळाला. मात्र हा प्रकार काही वर्षे चालू शकला, यामागचे एक कारण असे की बेलच्या कारभारावर नियमित लक्ष ठेवणारे त्या शहराचे स्वतःचे वृत्तपत्र उरलेले नव्हते. वस्तीपुरती पत्रकारिता करू इच्छिणाऱ्याने सुरुवातीलाच हे प्रकरण समजून घ्यावे, कारण आपल्या कामाची गरज कुठे पडते ते त्यातून नेमके कळते.

हायपरलोकल किंवा अतिस्थानिक पत्रकारिता म्हणजे एखादा प्रभाग, गाव, वसाहत किंवा खोरे एवढ्याच हद्दीपुरती केलेली सातत्यपूर्ण बातमीदारी. समुदाय पत्रकारिता हा तिचा सख्खा शेजारी, पण या दोन गोष्टी एक नव्हेत. पहिलीत प्रश्न हद्दीचा असतो, तर दुसरीत बातमी कोणाच्या हातात आहे याचा. एकाच पेशाचे, भाषेचे किंवा अनुभवाचे लोक दूरदूर राहत असले तरी त्यांची समुदाय पत्रकारिता असू शकते. उलट एखाद्या मोठ्या कंपनीने दूरवर बसून चालवलेले गावाचे पान अतिस्थानिक असेल, पण समुदायाचे असेलच असे नाही. दोन्ही प्रकारांत मोठ्या वृत्तपत्राला न जमणारी एक गोष्ट आहे : बातमी लिहिणारा माणूस उद्या सकाळी तिच्यातल्याच माणसांना रस्त्यात भेटणार असतो. या लेखातल्या बहुतेक सूचना या एका वस्तुस्थितीतूनच निघालेल्या आहेत.

हा प्रकार आताच का फोफावला, याचे उत्तर थोडक्यात देता येते. वृत्तपत्रांचे घर बऱ्याच अंशी छोट्या जाहिरातींवर चालत असे. १९९५ मध्ये सुरू झालेल्या क्रेगलिस्टसारख्या सेवांनी त्या जाहिराती फुकट किंवा नाममात्र दरात देऊ केल्या, आणि मोठ्या जाहिराती नंतर शोधयंत्रांकडे व समाजमाध्यमांकडे वळल्या. खर्च कमी करताना पहिली कुऱ्हाड पडली ती तालुक्याच्या आणि उपनगराच्या बातमीदारावर. त्याच सुमारास प्रत्येकाच्या हातात कॅमेरा, ध्वनिमुद्रक आणि प्रसारणाचे साधन असलेला फोन आला. एकीकडे पोकळी निर्माण झाली आणि दुसरीकडे ती भरण्याचा खर्च जवळजवळ शून्यावर आला. पण साधन स्वस्त झाले म्हणून काम स्वस्त होत नाही, आणि नवोदितांचा पहिला गैरसमज इथेच होतो.

हद्द आणि विषय ठरवणे

सुरुवातीला हद्द शक्य तितकी लहान ठेवा. आठवड्यातून किमान दोनदा स्वतः फिरून पाहता येईल एवढाच प्रदेश घ्यावा, हे त्याचे साधे माप. नकाशा घ्या, सीमा आखा आणि त्या सीमेत कोणकोणत्या संस्थांचे अधिकार चालतात ते लिहून काढा : स्थानिक स्वराज्य संस्था, पाणी आणि वीज पुरवणारे विभाग, शाळा, आरोग्य केंद्र, पोलीस ठाणे, जमीन व बांधकामाची नोंद ठेवणारे कार्यालय, वाहतूक व्यवस्था. एकाच रस्त्याचा डांबरी भाग एका खात्याचा आणि पदपथ दुसऱ्या खात्याचा, असे प्रकार जवळपास सगळीकडे आढळतात. ही अधिकारांची वाटणी ज्याला पाठ आहे, तो बातमीदार पहिल्याच महिन्यात इतरांच्या पुढे जातो, कारण तक्रार नेमकी कोणाच्या टेबलावर न्यायची हे बहुतेक रहिवाशांना माहीत नसते आणि अनेकदा कार्यालयांनाही ते माहीत असल्याचे दिसत नाही.

त्यानंतर एकही ओळ प्रसिद्ध करण्याआधी पंधरा-वीस लोकांशी सविस्तर बोला. ‘तुम्हांला कोणत्या बातम्या आवडतील?’ असे विचारू नका. त्याचे उत्तर नेहमी गुळमुळीत येते. ‘गेल्या महिन्यात कोणती माहिती वेळेवर न मिळाल्यामुळे तुमचे नुकसान झाले?’ असे विचारा. डेट्रॉइटमधील ‘आउटलायर मीडिया’ने २०१६ पासून नेमकी हीच दिशा धरली. लोकांना घरांविषयी माहिती हवी होती, म्हणून भाडेकरूने घराचा पत्ता संदेशाने पाठवला की त्या घराची मालकी कोणाकडे आहे आणि त्यावर कर थकलेला आहे का, हे त्याला फोनवरच कळवण्याची व्यवस्था त्यांनी केली. यात मथळा नव्हता आणि छायाचित्रही नव्हते. तरीही ती पत्रकारिताच होती, आणि माझ्या मते पुष्कळ मथळ्यांपेक्षा अधिक उपयोगी होती. अशा चौकश्यांतून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्नच पुढे मोठ्या बातमीचा पाया होतात.

सभा, कागद आणि चिकाटी

वस्तीच्या बातमीदारीचा कणा म्हणजे सार्वजनिक सभा आणि सार्वजनिक कागदपत्रे. हे काम रटाळ आहे हे आधीच मान्य करावे. चार तासांच्या सभेतली साडेतीन तास चर्चा छापण्याजोगी नसते. उरलेल्या अर्ध्या तासासाठी बाकीचे बसावे लागते. पण नियमितपणे बसणाऱ्यालाच कळते की एखादा विषय सलग तीन सभांमध्ये पुढे ढकलला गेला आणि चौथ्या सभेत कोणतीही चर्चा न होता मंजूर झाला. शिकागोतील ‘सिटी ब्युरो’ या संस्थेने सामान्य रहिवाशांना प्रशिक्षण आणि मानधन देऊन अशा सभांच्या नोंदी घेण्यासाठी पाठवण्याचा ‘डॉक्युमेंटर्स’ हा उपक्रम उभारला आणि तो नंतर इतर शहरांतही पसरला. ब्रिटनमध्ये २०१८ पासून बीबीसीच्या पैशातून स्थानिक वृत्तसंस्थांमध्ये असे बातमीदार नेमले जातात, ज्यांचे मुख्य कामच स्थानिक परिषदांवर लक्ष ठेवणे हे आहे. एवढ्या मोठ्या संस्थेला यासाठी वेगळी तरतूद करावी लागली, यावरून सभेतली रिकामी खुर्ची किती महाग पडते याचा अंदाज यावा.

सभेला जाताना आधी विषयपत्रिका मिळवा आणि ती वाचूनच जा. मागच्या सभेचे इतिवृत्त शेजारी ठेवा. ठराव मांडणारा कोण, अनुमोदन कोणाचे, मतदान झाले की नुसत्या होकारावर काम भागले, आणि रक्कम किती, या चार गोष्टी प्रत्येक विषयासमोर टिपून ठेवण्याची सवय लावून घ्या. सभेत काही समजले नाही तर नंतर लिपिकाला विचारा. कार्यालयातला लिपिक हा वस्तीच्या बातमीदाराचा सर्वांत मोलाचा परिचय असतो. अध्यक्ष आणि अधिकारी बदलत राहतात, पण कोणता कागद कुठल्या कपाटात आहे हे त्यालाच ठाऊक असते.

कागदांमध्ये अंदाजपत्रक आणि प्रत्यक्ष खर्चाचा तक्ता शेजारी-शेजारी ठेवून वाचायला शिका. कोणत्या शीर्षाखाली तरतूद मोठी आणि खर्च शून्य आहे, आणि कोणत्या शीर्षाखाली वर्षाच्या अखेरच्या महिन्यात अचानक पैसा उतरला आहे, हे पाहणे ही सुरुवातीला पुरेशी परीक्षा आहे. निविदांच्या बाबतीत किती जणांनी बोली लावली, तेच ठेकेदार वारंवार येतात का, आणि काम मोठे असूनही त्याचे निविदेच्या मर्यादेखाली बसतील असे तुकडे पाडले आहेत का, हे तपासा. लेखापरीक्षकांचे आक्षेप बहुतेक ठिकाणी सार्वजनिक असतात आणि बहुतेक ठिकाणी कोणी वाचत नाही.

जी माहिती आपणहून दिली जात नाही ती मागण्याचा हक्क अनेक देशांत कायद्याने मिळालेला आहे. या प्रकारचा पहिला कायदा स्वीडनने १७६६ मध्ये केला. अमेरिकेचा १९६६ चा आहे आणि भारताचा २००५ चा. भारतात साधारणपणे ३० दिवसांत उत्तर देण्याचे बंधन आहे, ब्रिटनमध्ये कामकाजाचे २० दिवस. अर्ज लिहिताना ‘का’ विचारू नका, कारण मतप्रदर्शन करणे कार्यालयावर बंधनकारक नसते; कागद मागा. ‘अमुक रस्ता खराब का आहे?’ या प्रश्नाला टोलवाटोलवी करणारे उत्तर येईल, पण ‘अमुक रस्त्याच्या कामाचा कार्यादेश, मोजमाप नोंदवही आणि देयकांच्या प्रती’ मागितल्या तर नाही म्हणणे अवघड जाते. अर्जाची तारीख, उत्तराची मुदत आणि अपिलाची मुदत एका वहीत लिहून ठेवा, कारण अशा प्रकरणांत चिकाटी बहुधा मुदत विसरल्यामुळेच तुटते.

हे सर्व कोणी करत नाही तेव्हा काय होते, याचा एक मोजलेला पुरावा उपलब्ध आहे. गाओ, ली आणि मर्फी या तीन अभ्यासकांनी अमेरिकेत स्थानिक वृत्तपत्रे बंद पडलेल्या परगण्यांचा अभ्यास केला, तेव्हा तिथल्या स्थानिक संस्थांना कर्ज महाग पडू लागल्याचे दिसले. ही वाढ एका टक्क्याच्या विसाव्या हिश्शापासून साधारण नवव्या हिश्शापर्यंतची होती. आकडा लहान वाटतो. पण कोट्यवधींच्या आणि वीस-वीस वर्षांच्या कर्जावर तो शेवटी करदात्याच्याच खिशातून जातो.

ऐकीव गोष्ट आणि बातमी

वस्तीत बातमी बातमीदाराच्या आधी पोहोचलेली असते. त्यामुळे तुमचे काम बहुतेक वेळा नवी गोष्ट सांगण्याचे नसून, पसरलेल्या गोष्टीतले किती खरे आहे हे ठरवण्याचे असते. यासाठी किमान शिस्त अशी की प्रत्येक दाव्याला एक प्रत्यक्ष पाहणारा आणि एक कागद, किंवा एकमेकांशी संबंध नसलेले दोन साक्षीदार असावेत. एकाच गटातल्या दहा जणांनी पुढे पाठवलेला संदेश हा दहा साक्षीदारांचा पुरावा होत नाही. तो एकाच माणसाचा दावा असतो. चित्रफीत आली तर ती कोणी टिपली त्या मूळ माणसापर्यंत जा, तिच्यातले एखादे चित्र शोधयंत्राला देऊन (याला ‘रिव्हर्स इमेज सर्च’ म्हणतात) ती आधी कुठे वापरली गेली आहे का पाहा, आणि पाट्या, सावल्या व हवामान त्या ठिकाणाशी व वेळेशी जुळते का ते स्वतः तिथे उभे राहून तपासा. दूरच्या पत्रकाराला यासाठी उपग्रहाची चित्रे धुंडाळावी लागतात. तुम्हांला दहा मिनिटे चालावे लागते.

घाईची किंमत किती असते ते २०१३ मध्ये बोस्टन मॅरेथॉनच्या बॉम्बस्फोटानंतर दिसले. इंटरनेटवरच्या उत्साही शोधकांनी बेपत्ता असलेल्या एका निरपराध विद्यार्थ्याला संशयित ठरवले आणि काही पत्रकारांनीही ते नाव पुढे पसरवले. त्याच्या कुटुंबाला जे सोसावे लागले ते कोणत्याही दुरुस्तीने भरून निघणारे नव्हते. लहान वस्तीत तर नाव न छापताही माणूस ओळखू येतो : ‘कोपऱ्यावरच्या इमारतीतील निवृत्त शिक्षक’ एवढे लिहिले तरी पुरते. म्हणून नाव वगळणे म्हणजे ओळख लपवणे, अशा भ्रमात राहू नका. पीडित व्यक्ती आणि लहान मुले यांच्याबाबत तर वय, शाळा, इमारत, नातेवाइकाचा पेशा यांपैकी कोणता तपशील दुसऱ्या तपशिलाशी जुळून ओळख उघड करतो, हे प्रसिद्धीपूर्वी वस्तीतल्याच एखाद्या समंजस माणसाला वाचायला देऊन पाहावे.

आरोप करणारी बातमी असेल तर ज्याच्यावर आरोप आहे त्याला नेमके प्रश्न लेखी पाठवा, उत्तरासाठी वाजवी वेळ द्या आणि उत्तर आले तर ते शेवटच्या ओळीत न कोंबता योग्य जागी छापा. बदनामीचा कायदा देशागणिक वेगळा असला तरी लेखी प्रश्न, तारखा आणि मूळ कागद जपून ठेवलेला बातमीदार सगळीकडे अधिक सुरक्षित असतो. चूक झाली तर ती त्याच ठिकाणी, तितक्याच ठळकपणे आणि आधी काय चुकीचे लिहिले होते ते सांगून दुरुस्त करा. मजकूर गुपचूप बदलणे ही मला या व्यवसायातली सर्वांत घातक सवय वाटते, कारण वस्तीत कोणीतरी आधीचा मजकूर जपून ठेवलेलाच असतो.

जवळीक : भांडवल आणि अडचण

ओळखीमुळे दारे उघडतात, आणि ओळखीमुळेच हात आखडतो. ज्या संस्थेच्या हिशोबावर तुम्ही लिहिणार आहात तिच्या कोषाध्यक्षांकडे तुमचे लहानपणापासून जाणे-येणे असू शकते. यातून सुटका नाही. फक्त उघडपणा आहे. ज्या विषयात तुमचा, घरच्यांचा किंवा जाहिरातदाराचा संबंध आहे तो बातमीतच नमूद करावा, आणि संबंध फार जवळचा असेल तर ती बातमी सहकाऱ्याला द्यावी. एकट्याने काम करत असाल तर शेजारच्या वस्तीत असेच काम करणाऱ्या कोणाशी आधीच समझोता करून ठेवावा की अशा वेळी बातम्यांची अदलाबदल होईल. कार्यक्रमांच्या निमंत्रणांबाबत आणि भेटवस्तूंबाबत पहिल्याच दिवशी नियम ठरवून तो जाहीर केला, तर पुढे प्रत्येक नकार वैयक्तिक वाटत नाही.

जवळिकीची जमेची बाजू ‘खबर लहरिया’च्या उदाहरणात दिसते. २००२ मध्ये उत्तर प्रदेशातील चित्रकूट येथे सुरू झालेले हे पत्र ग्रामीण स्त्रियांनी, ज्यांत अनेक दलित स्त्रिया होत्या, बुंदेली भाषेत चालवले आणि पुढे ते पूर्णपणे डिजिटल झाले. पाण्याचा हातपंप कोणत्या वस्तीत बसतो आणि कोणत्या वस्तीत बसत नाही, याचा अर्थ बाहेरून आलेल्या वार्ताहराला सांगावा लागतो. त्यांना तो जगण्यातूनच माहीत होता. छत्तीसगडमध्ये २०१० साली सुरू झालेल्या ‘सीजीनेट स्वरा’ने तर अक्षराचीही अट काढून टाकली : साध्या फोनवरून आपल्या भाषेत बोलून बातमी नोंदवायची, संपादकांनी ती तपासायची, आणि मग फोनवरूनच इतरांनी ती ऐकायची. दक्षिण कोरियातील ‘ओमायन्यूज’ या बातम्यांच्या संकेतस्थळाने २००० मध्ये ७२७ नागरिक बातमीदारांसह सुरुवात केली, पण आलेला मजकूर तपासून संपादित करण्यासाठी व्यावसायिक संपादक ठेवले. लोकांचा सहभाग आणि संपादकाची चाळणी हे एकमेकांचे विरोधी नाहीत. चाळणी नसलेला सहभाग लवकरच भांडणाचा फळा होतो.

रहिवाशांचे म्हणणे केवळ सामग्री म्हणून न पाहता इशारा म्हणूनही वाचावे. लंडनमधील ग्रेनफेल टॉवरच्या रहिवाशांच्या गटाने नोव्हेंबर २०१६ मध्ये आपल्या ब्लॉगवर लिहिले होते की मोठी दुर्घटना घडल्याशिवाय व्यवस्थापनाचे दुर्लक्ष उघड होणार नाही. १४ जून २०१७ च्या आगीत त्या इमारतीत ७२ जणांचा मृत्यू झाला. तुमच्या हद्दीतील असे तक्रारवजा लिखाण, गृहसंस्थांच्या फलकांवरील सूचना आणि रहिवाशांच्या गटांतील कुरकुर आठवड्यातून एकदा पद्धतशीरपणे चाळा, आणि एकच तक्रार वेगवेगळ्या दारांतून आली की पुढच्या आठवड्याचे काम ठरले असे समजा.

वाचकापर्यंत पोहोचणे

समाजमाध्यमे वापरा, पण वाचकांची यादी स्वतःकडे ठेवा. फेसबुकने जानेवारी २०१८ मध्ये आपल्या मुख्य पानावर बातम्यांपेक्षा मित्र-नातलगांच्या मजकुराला प्राधान्य द्यायचे ठरवले आणि त्या वाटेने येणाऱ्या वाचकांवर विसंबलेल्या अनेकांचे गणित बिघडले. कॅनडात नव्या कायद्यावरून वाद झाल्यावर ऑगस्ट २०२३ पासून फेसबुकची मालक कंपनी मेटाने तिथे बातम्यांचे दुवे दाखवणेच बंद केले. त्याच महिन्यात वणव्यामुळे यलोनाइफ शहर रिकामे करावे लागले, तेव्हा रहिवाशांना फेसबुकवर बातमीचा दुवा एकमेकांना पाठवता येत नव्हता. ईमेलचे बातमीपत्र, संमतीने घेतलेले फोन क्रमांक, आणि जिथे गरज असेल तिथे दुकानाच्या किंवा वाचनालयाच्या भिंतीवर लावलेला छापील कागद, ही साधने कोणाच्या धोरणबदलाने एका रात्रीत हिरावली जात नाहीत. संदेशगटांत बातमी टाकताना संपूर्ण मजकूर तिथेच द्यावा, कारण दुवा उघडण्याचा कंटाळा करणाराही तुमचा शेजारीच असतो.

प्रसिद्धीचा दिवस ठरलेला असावा. दररोज पाच बातम्यांचा संकल्प करून तिसऱ्या आठवड्यात थकण्यापेक्षा, दर शनिवारी तीन पक्क्या बातम्या आणि पुढच्या आठवड्याच्या सभांची यादी देणे चांगले. जुन्या बातम्यांचा पाठपुरावा हा वेगळा भाग ठेवा.

पैसा

उत्साहावर वर्षभर चालते. त्यानंतर कोणालातरी पगार द्यावा लागतो. गावोगावच्या बातम्यांची संकेतस्थळे चालवणाऱ्या अमेरिकेतील ‘पॅच’चा इतिहास येथे बोधक आहे. २००७ मध्ये स्थापन झालेली ही कंपनी २००९ मध्ये एओएल या इंटरनेट कंपनीने घेतली, पाहता पाहता सुमारे ९०० ठिकाणी पाने उघडली, आणि उत्पन्न खर्चाला पुरे पडेना म्हणून २०१३ मध्ये शेकडो लोकांना काढून पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला बहुसंख्य हिस्सा विकावा लागला. एकाच साच्यातून हजार वस्त्या चालवता येतील हा हिशोबच फसवा होता, कारण स्थानिक जाहिरातदार आणि स्थानिक वाचक दोघेही ओळखीवर येतात. उलट ब्रिटनमधील ‘ब्रिस्टल केबल’ २०१४ पासून सहकारी तत्त्वावर चालते. वर्गणी देणारा प्रत्येक जण सभासद असतो, प्रत्येकाला एक मत असते, आणि मोठ्या धोरणांवर सभासद निर्णय घेतात.

नवोदिताने वर्गणी, स्थानिक जाहिराती, अनुदान आणि प्रशिक्षणवर्ग किंवा छपाईसारखे जोडकाम, यांपैकी निदान दोन मार्ग एकत्र ठेवावेत आणि कोणत्याही एका देणाऱ्याचा वाटा इतका मोठा होऊ देऊ नये की तो गेल्यावर काम थांबेल. पैसे घेऊन छापलेल्या मजकुरावर ‘जाहिरात’ असे स्पष्ट लिहावे. निवडणुकीच्या काळात ‘बातमीसारखी’ जाहिरात मागणारे हमखास येतात, आणि त्यांना एकदा दिलेला होकार पुढच्या पाच वर्षांच्या विश्वासातून वजा होतो. जमाखर्च दर सहा महिन्यांनी वाचकांपुढे मांडा. जे दुसऱ्यांकडून मागता ते स्वतः द्यायला हवे.

जुना मजकूर जपणे

हे काम सगळे शेवटी ठेवतात, म्हणून इथेही ते शेवटी आले आहे, पण करायचे मात्र पहिल्या आठवड्यापासून. न्यूयॉर्क आणि शिकागोत वस्त्यांच्या बातम्या देणारे ‘डीएनएइन्फो’ मालकाने नोव्हेंबर २०१७ मध्ये अचानक बंद केले. न्यूयॉर्कमधील कर्मचाऱ्यांनी संघटना करण्याच्या बाजूने मतदान करून त्या वेळी जेमतेम आठवडा झाला होता. संकेतस्थळ उघडले तर काही काळ बातम्यांऐवजी मालकाचे पत्रच दिसत होते, आणि कित्येक वर्षांचे काम नाहीसे झाले की काय असा प्रश्न बातमीदारांपुढे उभा राहिला. शिकागोतील काही जणांनी पुढे २०१८ मध्ये वाचकांच्या वर्गणीच्या बळावर ‘ब्लॉक क्लब शिकागो’ ही ना-नफा संस्था सुरू केली. तुमची प्रत्येक बातमी, तिचे मूळ कागद आणि छायाचित्रे तारीखवार नावे देऊन स्वतःच्या डिस्कवर व आणखी एका वेगळ्या ठिकाणी ठेवा, प्रसिद्ध झालेले पान ‘इंटरनेट अर्काइव्ह’ या संकेतस्थळांच्या प्रती जपणाऱ्या संग्रहात नोंदवा, आणि वर्षातून एकदा सर्व अंकांची छापील बांधणी करून जवळच्या वाचनालयात द्या. मात्र ज्या सूत्रांनी नाव न देण्याच्या अटीवर माहिती दिली त्यांची टिपणे या संग्रहात कधीही ठेवू नका. ती वेगळी, कुलूपबंद आणि शक्य तितकी थोडी असावीत.